हुपरे पद्धत

सत्य रक्त मागतं. ज्याची ते द्यायची तयारी नसेल, त्यानं सत्याच्या वाटेला जाऊ नये. मगदूम सरांनी हे वाक्य शाळेतल्या निरोपसमारंभात उच्चारलं, तेव्हा चहाचे कप वाटणारा शिपाईसुद्धा जागच्या जागी थांबला होता. पुढे एका संध्याकाळी सत्य खरोखरच सरांच्या घरी आलं आणि त्यानं त्यांच्या नाकातून थोडं रक्त मागून घेतलं. तेव्हा सर एवढंच म्हणाले, "अहो, बनियन आजच धुतलाय."

मी शेजारीच होतो. रक्त माझ्याही नाकातून येत होतं, पण माझा बनियन आदल्या दिवशीचा होता, त्यामुळे मी काही बोललो नाही.

त्या संध्याकाळी आधी धोटा आत आला आणि त्याच्या मागून माणसं.

इचलकरंजीबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन या टोकाकडून त्या टोकाकडे धावणारं लाकूड. हातभर लांब, होडीच्या आकाराचं, दोन्ही टोकांना पोलादी टोपी. मागात असतो तोवर तो कापड विणतो. मागातून सुटला की समोर जे येईल त्यात शिरतो. आमचा धोटा सरांच्या पडवीत शिरला आणि टीपॉयच्या काचेत थांबला.

मी आणि सर कम्प्युटरसमोर बसलो होतो. सर खुर्चीत, मी स्टुलावर. सरांनी काचेकडे पाहिलं, मग दाराकडे.

दारात तिघं होते. पुढे अप्पासो बुगड, कारखानदार, डोक्याला एवढं मोठं बँडेज की वरून टोपी ठेवली होती ती तरंगल्यासारखी दिसत होती. त्यांच्या मागे गजा, त्यांच्या मागांची दुरुस्ती करणारा जॉबर. त्याच्या हातात मागातली काठी होती, धोट्याला टोला हाणते ती. आणि सर्वांत मागे बंडा हुपरे. बंडा मागांसाठी इलेक्ट्रॉनिक कार्डं बनवायचा. चप्पल बाहेर काढून आत आला तो एकटाच.

"ह्यो धोटा वळखता काय?" अप्पासोंनी विचारलं.

सरांनी काचांतून धोटा उचलला, उलटासुलटा करून पाहिला. "लाकूड चांगलं आहे," ते म्हणाले.

"काल सकाळी माझ्या कपाळात हुता."

"अरेरे," सर म्हणाले. "बसा की."

"बसायला न्हाई आलो. तुमच्यातला मगदूम सर कोण?"

"जाड भिंगाचा," बंडा मागून म्हणाला.

अप्पासोंनी जाड भिंगाच्या माणसाच्या तोंडात मारली. बनियनबद्दलचं वाक्य सर म्हणाले ते इथे. मी "अहो, अहो" म्हणत उठलो, तर गजानं काठीचं टोक माझ्या नाकावर टेकवलं. टेकवलं असं तो नंतर म्हणत असे.

आता हे सगळं का, ते सांगायला हवं.

मी तेव्हा बँकेत होतो आणि फावल्या वेळात एक असेंब्लर सांभाळत होतो. कार्डावर बसवतात त्या चिपला फक्त आकडे कळतात. माणसाला नुसत्या आकड्यांत लिहिता येत नाही, म्हणून माणूस छोट्या छोट्या शब्दांत लिहितो: हे आण, ते मिळव, एवढं थांब. त्या शब्दांचे चिपला कळणारे आकडे करून देणारा प्रोग्रॅम म्हणजे असेंब्लर. बाजारातला महाग होता, म्हणून मी एक स्वतः लिहिला, त्याचं नाव 'सांधणी' ठेवलं आणि सगळा सोर्स कोड इंटरनेटवर उघडा टाकून दिला. ज्याला हवा त्यानं घ्यावा. कुणाला काही बदलावंसं वाटलं तर बदल माझ्याकडे पाठवावा. योग्य असला तर मी तो आत घेईन. पगार नाही, मानधन नाही. वर्षातून एकदा फिनलंडमधला एक गृहस्थ 'छान' असं लिहायचा. त्यावर माझं वर्ष जायचं.

मगदूम सर आमच्या गल्लीतले. आठवीपासून दहावीपर्यंतचं गणित हा त्यांचा प्रांत. निवृत्त झाल्यावर वेळ जाईना म्हणून माझ्याकडे कम्प्युटर शिकायला आले. स्वभाव असा की वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर चपला हातात घेऊन वळसा घालणार. जैन माणूस; सूर्य मावळल्यावर पाण्याशिवाय काही तोंडात घालत नसत, आणि चातुर्मासात तेही नाही. मी मोठ्या अभिमानानं त्यांना सांधणी दाखवली आणि म्हटलं, काहीही विचारा, गणितंसुद्धा करतं. सरांनी विचारलं: दोन अधिक तीन गुणिले चार.

सांधणी म्हणाली, वीस.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा विचारलं. पुन्हा वीस.

"मुकुंद, हे काय आहे?"

"सर, ते डावीकडून उजवीकडे करत जातं. दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस. जुन्या बऱ्याच असेंब्लरांत असंच असतं. लिहायला सोपं पडतं."

"कंचेभागुबेव," सर म्हणाले.

मराठी शाळेत गेलेल्या माणसाला हा मंत्र सांगावा लागत नाही. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. गुणाकार आधी, बेरीज नंतर. तीन चोक बारा, आणि दोन चौदा. सरांनी ही सहा अक्षरं गावातल्या दोन पिढ्यांत ठोकून बसवली होती.

त्या दिवसानंतर सर एकाच ध्येयानं प्रोग्रॅमिंग शिकले. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललं. आणि एक दिवस त्यांचा बदल माझ्याकडे आला, सोबत फक्त दोन शब्दांची टीप: 'चूक सुधारली.' रिवाजाप्रमाणे तो बदल कित्येक आठवडे सर्वांना पाहण्यासाठी, हरकत घेण्यासाठी इंटरनेटवर ठेवला. फिनलंडहून 'छान' आलं. बाकी कुणी वाचलं नाही, कारण अशा सूचना कुणी वाचत नसतं. बदल आत गेला आणि सरांचं नाव माझ्या नावाखाली लागलं: सांभाळणारे दोन, तारळेकर आणि मगदूम. सरांनी ते पान छापून आणून देव्हाऱ्याशेजारी लावलं.

आम्हाला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की बंडा हुपरेची सगळी कार्डं सांधणीवर चालत आणि बंडाच्या कार्डांवर गावातले निम्मे माग.

कार्डाचं काम साधं. धागा तुटला की अमुक इतके ठोके मोजायचे आणि माग थांबवायचा. ते ठोके किती, हे बंडा प्रत्येक मागाजवळ उभा राहून कानानं ठरवायचा आणि बेरजा-गुणाकार करून प्रोग्रॅममध्ये लिहायचा. अर्थात डावीकडून उजवीकडे. नवं व्हर्जन आलं, बंडानं त्यावर नव्या चिपांची कार्डं करून बसवली आणि जो माग विसाव्या ठोक्याला थांबायचा तो चौदाव्याला थांबू लागला, म्हणजे धोटा अजून अर्ध्या वाटेत असताना. मागाला ब्रेक लागला होता. धोट्याला ते कुणी सांगितलं नव्हतं.

"सुबरावचा जबडा मोडलाय," बंडा म्हणाला. "तारंनं बांधलाय. नळीनं पेज पितोय. पोरगी पेज पाजालीय त्याला."

सर बनियन नाकाला लावून ऐकत होते. "कोण सुबराव?"

"माझ्याकडं माग चालवतोय," अप्पासो म्हणाले. "दुसरा धोटा त्येला. पयला मला."

"बंडा, जुनं व्हर्जन आहे की तसंच," मी नाक धरून म्हणालो. "कुणी पुसलेलं नाही. ते वापर."

"मुकुंदराव, जुनी चिप बाजारात मिळती काय? न्हाई मिळत. नवी चिप तुमच्या जुन्या व्हर्जनला कळती काय? न्हाई कळत. मग मी काय करायचं? गावातल्या सगळ्या मागांम्होरं परत उभारून कान लावत बसू? तवर किती जबडे?"

त्याचं बरोबर होतं. अशा वेळी समोरच्याचं बरोबर असणं फार गैरसोयीचं असतं.

"सकाळच्या पाळीला माग चालू हुणार," अप्पासो म्हणाले. "तवर ते आदीसारखं करून द्या. आम्ही जातो."

"आधीसारखं म्हणजे?" सरांनी विचारलं.

बंडा पुढे आला. गजाच्या हातातली काठी त्यानं घेतली आणि सरांच्या छातीवर टेकवली.

"दोन अधिक तीन गुणिले चार किती?"

"वीस," मी म्हणालो.

"तुमाला न्हाई इचारलं," गजा म्हणाला.

"चौदा," सर म्हणाले.

काठी सरांच्या खांद्यावर बसली. ओल्या गादीवर बसावी तसा आवाज आला. सरांनी डोळे मिटले, उघडले.

"परत सांगा. किती?"

"चौदा."

या वेळी मांडीवर. आतून पद्मावतीकाकू आल्या. हाताला ज्वारीचं पीठ, भाकरी अर्धी थापलेली. त्यांनी फुटलेली काच पाहिली, काठी पाहिली, नवऱ्याचा बनियन पाहिला.

"काय म्हणतायत हे?"

"वीस म्हणा म्हणतात."

"मग म्हणा की."

"नाही म्हणणार."

"मग खावा मार," काकू म्हणाल्या. "पण लवकर आटपा. सूर्य टेकलाय, भाकरी होत आल्यात." आणि आत गेल्या.

इथवर प्रकरण एकतर्फी होतं. पण गजाला काय वाटलं कोण जाणे, त्यानं देव्हाऱ्याशेजारचं ते छापलेलं पान, आमच्या दोघांच्या नावाचं, ओढून काढलं आणि त्याला हातावरचं रक्त पुसलं. रक्त माझं होतं, पण पान सरांचं होतं.

सर उठले. भिंतीवर शाळेनं निरोपाला दिलेला फळ्यावरचा मोठा लाकडी कंपास टांगलेला होता, हार घालून. सरांनी तो हारासकट काढला. वर्तुळ काढण्याचा त्यांचा हेतू नव्हता. कंपासचं पोलादी टोक गजाच्या मांडीत दोन बोटं आत गेलं आणि तिथेच उभं राहिलं, हार लोंबकळत.

गजा ओरडला तो आवाज मी त्यानंतर फक्त खाटकाच्या गल्लीत ऐकला आहे. अप्पासो सरांवर धावले. मी मध्ये पडलो, म्हणजे अक्षरशः पडलो, टीपॉयवर. टीपॉय मोडला, धोटा घरंगळत कुठेतरी गेला, आणि अप्पासो माझ्या छातीवर बसले. वजनदार असामी. दोन ठोसे त्यांनी मन लावून मारले.

"तुमी काय करता?" तिसरा मारताना त्यांनी विचारलं.

"बँकेत आहे."

"कुठल्या?"

मी नाव सांगितलं.

"आमचं खातं हाय की तितं," अप्पासो म्हणाले. त्यानंतर त्यांनी मूठ उघडली आणि नुसता पंजा वापरला. ओळख निघाली की माणूस विरघळतो.

तिकडे बंडा आणि सर भिंतीशी झोंबत होते. सरांनी बंडाच्या मनगटाचा चावा घेतला. मुंगीला वळसा घालणारे सर. बंडानं त्यांचं डोकं धरून कम्प्युटरच्या टेबलावर आदळलं. कीबोर्डची बटणं दाण्यांसारखी उडाली. गजा कोपऱ्यात बसून मांडीतला कंपास दोन्ही हातांनी ओढत होता. काकू हळदीचा डबा घेऊन बाहेर आल्या आणि त्याच्याजवळ बसल्या.

"हलू नको," त्या म्हणाल्या. "कुणाचा तू?"

"गावभागातला," गजा रडत म्हणाला.

"स्विच," मी अप्पासोंच्या खालून ओरडलो. "सर, स्विच ठेवू या."

सगळे थांबले. इतका वेळ मार खाऊन मला तेवढं सुचलं होतं. मी श्वास मिळेल तसा सांगत गेलो. दोन्ही ठेवू. एरवी चौदा. पण वापरणाऱ्यानं एक शब्द लिहिला की सांधणी जुन्यासारखं डावीकडून उजवीकडे करेल, वीस. बंडानं प्रोग्रॅमच्या वर तो शब्द लिहायचा, बास. नवी चिप, जुनं गणित. सकाळच्या पाळीला सगळे माग आधीसारखे.

अप्पासोंनी बंडाकडे पाहिलं. "हुतंय काय तसं?"

"हुतंय," बंडा धापा टाकत म्हणाला.

"मग सर, करा की. कशाला तरास."

सरांनी ओठावरचं रक्त पुसलं. एक भिंग तडकलं होतं. खुर्चीत बसले, विचार केला. पाच मिनिटांचं काम होतं आणि खिडकीतून सूर्य अजून बोटभर दिसत होता.

"करतो," ते म्हणाले. "एका अटीवर. त्या शब्दाचं नाव 'चूक' ठेवायचं. ज्याला वीस हवंय त्यानं प्रत्येक वेळी वर लिहायचं: चूक. मग खाली काय वाटेल ते लिहावं."

मला ती अट विनोदी वाटली. बंडाला वाटली नाही. त्यानं काठी उचलली आणि मॉनिटरवर घातली. पडद्याला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत भेग गेली. मग टेबलावर. मग सरांच्या खुर्चीच्या हातावर, सरांचं कोपर होतं तिथून चार बोटांवर. अप्पासोसुद्धा माझ्या छातीवरून उठले. "बंडा," ते म्हणाले, "मरंल की म्हातारा."

बंडानं काठी सरांच्या डोक्यावर धरली आणि तशीच ठेवली.

"आठवी ब," तो म्हणाला.

सरांनी वर पाहिलं.

"शेवटच्या बाकावर बसायचो. फळ्यावर ह्येच गणित हुतं. तुमी मला उठवलासा. मी म्हटलं, वीस."

"हुपरे," सर म्हणाले. हजेरी घेताना म्हणतात तसं.

"हात म्होरं करायला लावलासा. छडी मारायची आणि इचारायचं, किती? मी म्हणायचो, वीस. परत छडी. मला दुसरं उत्तर येतच नव्हतं, सर. मी हट्ट न्हवतो करत."

"किती मारल्या?"

"मोजता आल्या असत्या तर गणितात नापास झालो असतो काय?"

कुणी हसलं नाही. काकूंचा हळद दाबणारा हात गजाच्या मांडीवर थांबला होता.

"शाळा सुटली," बंडा म्हणाला. "वायरमन झालो, मग कार्डं करायला लागलो. मुकुंदरावांचं हे पयल्यांदा घेतलं तवा काय टाकायचं सुचंना, म्हणून ह्येच टाकलं. दोन अधिक तीन गुणिले चार. बटण दाबलं आणि डावा हात आपसूक पाठीमागं लपवला. खोटं सांगत न्हाई. आणि पडद्यावर आलं, वीस." त्यानं काठी खाली घेतली. "मी पेढे वाटलो, सर. घरात कुणाला कळंना कशाचे. मी सांगितलं, पास झालो."

खिडकीत आता सूर्याची फक्त कड राहिली होती.

"ते बी तुमी काढून घेतलासा. बरं, घेतलासा तर घेतलासा. आता वर लिहू म्हणताय, चूक. रोज. स्वतःच्या हातानं."

सरांनी तडकलेला चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे फार लहान दिसत.

"कुठल्या हातावर?" त्यांनी विचारलं.

"डाव्या. उजव्यानं लिहायचं असतंय म्हणून तुमी डाव्यावरच मारायचासा."

सरांनी डावा हात पुढे केला. तळवा वर.

"घे," ते म्हणाले.

आता बंडा काठी टाकून देईल, त्याला हुंदका फुटेल, असं मला वाटलं. अप्पासोंनाही वाटलं असावं, कारण त्यांनी टोपी काढून हातात घेतली. बंडानं तसं काही केलं नाही. त्यानं मारली. पूर्ण हात वर नेऊन, नेम धरून. सरांच्या तोंडून आवाज निघाला नाही, पण खुर्ची मागे सरकली. दुसरीच्या वेळी सरांचा हात आपसूक मागे गेला.

"मागं घ्यायचा नाही," बंडा म्हणाला.

शुद्ध बोलला. ते वाक्य त्याचं नव्हतं. आठवी ब-मधलं होतं. सरांनी ते ओळखलं. मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं ते मारामारीत एकदाही दिसलं नव्हतं. त्यांनी उजव्या हातानं डाव्या हाताचं मनगट धरलं आणि हात पुन्हा पुढे केला.

दुसरी पहिलीपेक्षा जोरात होती. तिसरी बंडानं मारली नाही. काठी गजाकडे टाकली आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

काकू उठून दाराशी गेल्या. "सूर्य गेला," त्या म्हणाल्या.

"जाऊ दे," सर म्हणाले.

भेग गेलेला पडदा अजून चालू होता. सर एका हातानं टाइप करू लागले. डावा मांडीवर ठेवला होता, तो बघता बघता सुजत चालला होता. मी सांगायला लागलो, तर म्हणाले, "मला येतं." स्विचचं नाव लिहायच्या जागी त्यांनी आधी दोन अक्षरं टाइप केली होती असं मला वाटतं, पण ती पुसली. मग लिहिलं, 'हुपरे'. खाली माहितीच्या पानावर एक ओळ लिहिली: 'हुपरे पद्धत: जसं लिहिलं तसं, डावीकडून उजवीकडे.'

बंडानं भेगेच्या अलीकडून अर्धी आणि पलीकडून अर्धी अशी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली.

"चूक कुठं लिवलंय?"

"नाही लिहिलेलं."

"पद्धत म्हंजे?"

"पद्धत म्हणजे पद्धत. करून बघायचं का?"

सरांनी दोन लिहिलं, अधिक लिहिलं, तीन, गुणिले. चारचं बटण सापडेना. ते गजाच्या बाजूला कुठेतरी उडालं होतं. सरांनी बटणाखालच्या खुंटीवर पेनाचं टोक दाबलं. पडद्यावर वीस आलं.

सगळे त्या आकड्याकडे बघत राहिले. अप्पासोंनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली.

"आता तरी म्हणा, सर," बंडा म्हणाला.

"हे म्हणतंय की," सर म्हणाले. "मी चौदाच म्हणणार."

"मरूदे तिकडं," अप्पासो म्हणाले.

त्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. दुसऱ्या सकाळी माग आधीसारखे सुरू झाले आणि धोटे जिथे थांबायला हवेत तिथे थांबले. सुबराव पुढे जेवायला लागला. सर गेले, त्यांचा डावा हात शेवटपर्यंत नीट मिटत नसे, आणि कुणी कारण विचारलं तर ते 'गणितामुळे' एवढंच सांगत. सांधणी मी अजून सांभाळतो. दरवर्षी जगातला कुणीतरी हुशार माणूस मला बदल पाठवतो: हा 'हुपरे' नावाचा स्विच निरुपयोगी, विसंगत आणि गणिताच्या दृष्टीनं हास्यास्पद आहे, तो काढून टाकावा. मी आभार मानतो आणि तो ठेवतो. एका जर्मन गृहस्थानं विचारलं होतं, हुपरे हे कुणा गणितज्ञाचं नाव आहे काय. मी होय म्हणून कळवलं.

पण मी सांगत होतो त्या संध्याकाळचं. काकूंनी दिवा लावला. गजाला अप्पासोंनी खांद्याचा आधार देऊन दाराशी नेलं. कंपास काकूंनी धुऊन पुन्हा भिंतीवर टांगला, हाराशिवाय. प्रोग्रॅम बंडानं सोबत आणलेल्या पेन ड्राइव्हवर भरून घेतला आणि तो खिशात ठेवला. मग जायचं सोडून तो परत फिरला आणि सरांच्या खुर्चीसमोर येऊन उभा राहिला. काहीतरी म्हणायचं होतं आणि कसं म्हणावं ते सुचत नव्हतं, असा चेहरा.

मग तो सावकाश वाकला.

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. दाराशी अप्पासोंनी पुन्हा टोपी काढली. सरांचा खालचा ओठ थरथरायला लागला. त्यांनी सुजलेला डावा हात मांडीवरच राहू दिला आणि उजवा उचलून बंडाच्या डोक्यापर्यंत नेला.

"सर," बंडा खालून म्हणाला, "जरा पाय वर घ्या की. धोटा खुर्चीखाली गेलाय."